हातात काय आलं, मनात काय होतं

पत्त्याचं पान उलटतं, त्यावरचा आकडा दिसतो. जिंकलो की हरलो हे ओठांवर यायच्या आत, साधारण पाव सेकंदात, कपाळाच्या वर डोक्याच्या मध्यरेषेवर लावलेल्या इलेक्ट्रोडखाली विजेची एक बारीक लाट उमटून गेलेली असते. हरलं असेल तर ती ऋण दिशेला झुकते. जिंकलं असेल तर तितकी झुकत नाही. विल्यम गेहरिंग आणि एड्रियन विलबी यांनी 2002 साली ती मोजली तेव्हा तिचं टोक निकाल दिसल्यापासून सुमारे 265 मिलिसेकंदांवर आलं होतं. प्रयोगातली रक्कम अगदी किरकोळ होती. पडद्यावर दोन चौकोन दिसायचे आणि त्यांत 5 किंवा 25 सेंटचे आकडे असायचे. एक निवडायचा, मग चौकोनाचा रंग सांगायचा की ती रक्कम मिळाली की गेली. एवढ्याशा रकमेनेही लाट उठत होती. शिवाय नुकतंच हरलेले लोक पुढच्या डावात 25 चा चौकोन जास्त वेळा उचलत होते.

ही लाट पकडणं नाजूक काम आहे. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते आणि मेंदूचा बाकीचा गोंगाट तिच्याहून मोठा असतो. पापणी लवली तर तो धक्का तिच्या कितीतरी पट मोठा. म्हणून एका डावावरून काहीच सांगता येत नाही. वीसेक डावांची तरी सरासरी काढावी लागते, तेव्हा गोंगाट एकमेकांत विरतो आणि लाट वर येते. आणखी एक चूक सहज होते. प्रयोगात हरण्याचे डाव कमी आणि जिंकण्याचे जास्त ठेवले, तर जे मोजलं ते हरण्याचं दुःख की दुर्मीळ गोष्ट दिसल्याचं आश्चर्य, हे वेगळं करता येत नाही. त्यामुळे दोन्ही जवळपास सारख्या संख्येने ठेवावे लागतात. बरीच वर्षं या लाटेला हरण्याची लाट मानलं गेलं. आता पुष्कळ संशोधकांचा कल वेगळा आहे: अनपेक्षित जिंकण्याने त्याच वेळेला एक धन लाट उठते आणि ऋण झुकाव दाबला जातो, हरल्यावर ती धन लाट येत नाही, म्हणून मूळचा झुकाव उघडा पडतो. मला हे वाचन जास्त पटतं, कारण मेंदूच्या खोल भागातल्या पेशीही असंच काहीसं सांगतात.

त्या पेशी मध्यमेंदूत असतात आणि डोपामिन सोडतात. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं जातं. या एका नावाने जेवढा गैरसमज पसरवला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पसरला असेल. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत केसासारख्या बारीक इलेक्ट्रोडने एकेका पेशीचे ठोके, म्हणजे तिचे विजेचे स्पंद, ऐकले. काही घडत नसतं तेव्हा अशी पेशी सेकंदाला तीन ते पाच ठोके देत असते. माकडाच्या तोंडात अचानक रसाचा थेंब पडला की ठोक्यांचा भडिमार होतो. इथपर्यंत ‘आनंद’ चालून जाईल. पण थेंबाच्या आधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केली की काही दिवसांनी भडिमार दिव्यापाशी सरकतो आणि थेंब पडताना पेशी शांत असते. रस तोच, तोंड तेच, गोडी तीच. पेशीला मात्र त्यात नवं काही उरलेलं नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो पडायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशीचे नेहमीचे ठोकेही बंद पडतात. काहीच घडलेलं नाही, तरी पेशीने ‘न घडणं’ वेळेसकट टिपलेलं असतं.

शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी 1997 साली याचा अर्थ मांडला: या पेशी मिळालेलं मोजत नाहीत, त्या वजाबाकी करतात. जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा. या फरकाला अपेक्षाभंग म्हणावं तर तो शब्द मराठीत फक्त वाईट बाजूने वापरला जातो. इथे फरक दोन्ही बाजूंना असतो, म्हणून त्याला अपेक्षेतली तफावत म्हणू.

ही तफावत पुढे काय करते हे आकड्यांतच नीट दिसतं. समजा एका पर्यायाकडून 50 गुणांची अपेक्षा आहे आणि मिळाले 80. तफावत 30. मेंदू अपेक्षा एकदम 80 वर नेत नाही. तफावतीचा काही हिस्सा, समजा पाचवा, जुन्या अपेक्षेत मिळवतो. 30 चा पाचवा हिस्सा 6, म्हणून नवी अपेक्षा 56. पुढच्या वेळी पुन्हा 80 मिळाले तर तफावत 24 आणि अपेक्षा 60.8. तिसऱ्यांदा 80 मिळाले तर तफावत 19.2 आणि अपेक्षा जवळपास 64.6. तिन्ही वेळा हातात तेच 80 पडले, पण सुखद धक्का 30 वरून 24 वर आणि तिथून 19 वर आला. आता चौथ्यांदा 60 मिळाले, तर ते हरल्यासारखं नोंदवलं जातं. सुरुवातीला याच 60 गुणांनी समाधान झालं असतं. शिकण्याचं हे गणित रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅगनर यांनी 1972 सालीच मांडलं होतं. तेव्हा ते फक्त प्राण्यांच्या वागण्यावरून काढलेलं होतं. ती वजाबाकी पेशीत पाहायला मिळाली ती बऱ्याच नंतर.

या यंत्रणेत एक अडचण आहे, आणि ती फार रंजक आहे. सेकंदाला चार ठोके देणारी पेशी आनंदाच्या धक्क्याने वीस-तीसच्या वेगापर्यंत चढू शकते. म्हणजे वर चढायला भरपूर जागा. खाली मात्र शून्यापर्यंतच जाता येतं. मग छोटं हरणं आणि मोठं हरणं वेगळं कसं ओळखायचं? एक उत्तर असं की पेशी किती वेळ गप्प राहते यातून तोटा किती मोठा हे कळतं. दुसरं उत्तर लॅटरल हाबेन्युला नावाच्या, मेंदूच्या मधोमध दडलेल्या छोट्याशा गाठीत सापडतं. मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी 2007 साली दाखवलं की बक्षीस मिळणार नाही असा इशारा दिसला की या गाठीतल्या पेशी पेटून उठतात आणि डोपामिनच्या पेशींना दाबतात. म्हणजे निराशेच्या क्षणी मेंदू मंद झालेला नसतो. कुठेतरी कुणीतरी जोरात ब्रेक दाबत असतं.

डोपामिनच्या या चढउताराने स्ट्रायटममधल्या, म्हणजे काय करायचं ते निवडायला मदत करणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागातल्या, दोन वाटा बदलतात. एक वाट ‘हे कर’ म्हणते, ती डोपामिन वाढलं की पक्की होते. दुसरी ‘हे नको’ म्हणते, ती डोपामिन घटलं की पक्की होते. ही नुसती आकृती नाही, याचा पुरावा पार्किन्सनच्या रुग्णांत मिळाला. त्यांच्या डोपामिनच्या बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी 2004 साली पाहिलं की औषध न घेतलेले रुग्ण वाईट निकालांतून चांगलं शिकत होते आणि चांगल्या निकालांतून कमी. औषध घेतल्यावर हे उलटत होतं. औषधाने डोपामिनची पातळी वर राहते, त्यामुळे ‘नको’ शिकायला लागणारी ती घट पुरेशी होतच नाही. याचं टोक दवाखान्यात दिसतं. 3,090 रुग्णांच्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा यांपैकी कशावर तरी ताबा राहत नव्हता. ही औषधं न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 7 टक्के होतं. अशी औषधं घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांना हे आधीच ठाऊक असायला हवं, कारण रुग्ण स्वतः बहुतेक वेळा लाजेपोटी बोलत नाही. असा बदल दिसला तर डॉक्टरांना सांगायचं. औषध मनाने एकाएकी बंद करायचं नाही, त्यातून वेगळेच गंभीर त्रास होतात.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे येऊ: तोटा फायद्याच्या दुप्पट टोचतो. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली हा विचार मांडला आणि 1992 साली त्याला आकडा दिला, 2.25. म्हणजे 100 गमावण्याची शक्यता स्वीकारायला माणूस समोर 225 च्या आसपास मागतो. 2007 साली सॅब्रिना टॉम, रसेल पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना मेंदूचे कोणते भाग किती काम करतात ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवून नाणेफेकीसारखे डाव दाखवले. फायदा 10 ते 40 डॉलर, तोटा 5 ते 20 डॉलर, घ्यायचा की सोडायचा एवढंच सांगायचं. अपेक्षा होती की तोट्याची भीती दाखवणारा एखादा वेगळा भाग उजळेल. तसं झालं नाही. फायदा वाढला की स्ट्रायटम आणि कपाळामागचा खालचा भाग यांची हालचाल वाढत होती. तोटा वाढला की त्याच भागांची घटत होती. फक्त घटण्याचा उतार वाढण्याच्या चढापेक्षा जास्त तीव्र होता, आणि ज्याचा उतार जास्त तीव्र तो माणूस निवडतानाही जास्त सावध. मग भीतीचं काय? 2010 साली बेनेडेट्टो डी मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग, निकामी झालेल्या दोन रुग्णांना असेच डाव दिले. तोट्याला दुप्पट वजन देणं त्यांच्यात दिसलं नाही. तोटा कळत होता, आकडेमोड शाबूत होती. फक्त मागे खेचणारा हात नव्हता. अर्थात रुग्ण दोनच, तेव्हा ही गोष्ट तेवढ्याच जपून धरायला हवी.

माझं मत स्पष्ट आहे: ‘दुप्पट’ हा आकडा निसर्गनियमासारखा वापरणं चूक आहे. वरच्या प्रयोगातले आकडे पुन्हा पाहा. फायदे 40 पर्यंत, तोटे 20 पर्यंत. त्या संचात 20 चा तोटा म्हणजे सगळ्यात मोठा तोटा आणि 20 चा फायदा म्हणजे मध्याखालचा फायदा. 2015 साली लुकाश वालासेक आणि नील स्ट्युअर्ट यांनी दोन्हींचा पल्ला सारखा केला, तर तोट्याचं जादा वजन नाहीसं झालं. पल्ला उलटा केला, म्हणजे तोटे मोठे आणि फायदे छोटे ठेवले, तर वजनही उलटं पडलं. मेंदू इथेही वजाबाकीच करत होता. फक्त कशातून वजा करायचं ते समोर मांडलेल्या आकड्यांवरून ठरत होतं. म्हणून कुणी पर्याय मांडून दाखवतो तेव्हा त्यातला सगळ्यात मोठा तोटा आणि सगळ्यात मोठा फायदा कोणता, हे आधी पाहावं. बाकीचे आकडे त्या दोन टोकांमध्ये बसवून जोखले जातात.

हरण्याची रक्कम आणि हरण्याची संख्या यांत मेंदू गोंधळतो, हे पत्त्यांच्या चार गड्ड्यांच्या एका प्रयोगात फार छान दिसतं. अँटॉइन बेचारा, अँटोनियो दमासियो, हॅना दमासियो आणि स्टीव्हन अँडरसन यांनी तो 1994 साली आयोवात रचला. पहिल्या दोन गड्ड्यांतलं प्रत्येक पान 100 डॉलर देतं, उरलेल्या दोनमधलं 50. पण अधूनमधून दंडही होतो, आणि दहा पानांचा हिशेब केला तर पहिले दोन गड्डे 250 ने बुडवतात, उरलेले दोन 250 कमवून देतात. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेले रुग्ण शंभर पानं उलटून झाली तरी बुडवणाऱ्या गड्ड्यांकडे जात राहिले. सहसा सांगितली जाते ती गोष्ट इथेच संपते. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दुसऱ्या गड्ड्यात दहा पानांत दंड एकदाच होतो, पण तो 1,250 चा. तिसऱ्यात दहापैकी पाच पानांवर दंड होतो, पण सगळा मिळून 250 चा. नंतरच्या बऱ्याच प्रयोगांत धडधाकट माणसांनीही दुसरा गड्डा पुन्हा पुन्हा उचलला. नऊ वेळा गोड आणि एकदा कडू, यात नऊ वेळा ‘हे कर’ वाट पक्की होते आणि एकदाच ‘हे नको’. रक्कम मोठी असली तरी मोडायला एकच घाव असतो. क्वचित पण प्रचंड तोटा देणारे व्यवहार वर्षानुवर्षं सुरक्षित वाटतात, त्याचं एक कारण हे आहे. उपाय साधा आहे, पण तो कागदावरच करता येतो: किती वेळा जिंकलो हे मोजायचं नाही, एकूण बेरीज ठेवायची.

थोडक्यात हुकलेल्या डावाचं काय होतं, तेही आता ठाऊक आहे. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 साली चक्रांच्या यंत्रासारखा खेळ स्कॅनरमध्ये खेळवला. हवं ते चित्र एक घर अलीकडे किंवा पलीकडे थांबलं की लोकांना ते साध्या हरण्याहून जास्त कटू वाटायचं, आणि तरीही पुन्हा खेळावंसं जास्त वाटायचं. विशेषतः चित्र त्यांनी स्वतः निवडलेलं असेल तर. खरं जिंकल्यावर स्ट्रायटमचे जे भाग उजळतात ते इथेही उजळले. कौशल्याच्या कामात हे योग्यच आहे. नेम एका बोटाने हुकला तर तो सुधारतो आहे असा त्याचा अर्थ होतो, पुढचा प्रयत्न करावाच. नशिबाच्या खेळात मात्र एका घराने हुकणं आणि दहा घरांनी हुकणं यांत काडीचाही फरक नाही. हातातोंडाशी आलेला घास तिथे मुळात आलेलाच नसतो.

आपल्या भाषेत दोन भावनांसाठी दोन नेमके शब्द आहेत, आणि मेंदूही त्या वेगळ्या ठेवतो. अपेक्षा होती तेवढं मिळालं नाही की हिरमोड होतो. दुसरं निवडलं असतं तर जास्त मिळालं असतं हे कळलं की लागते ती चुटपुट. नताली कामी आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दोन चक्रांचा खेळ दिला. कधी फक्त निवडलेल्या चक्राचा निकाल दाखवला, कधी न निवडलेल्याचाही. सामान्य माणसांना दुसरा निकाल दिसला की भावना पार बदलायची. जिंकूनही समोरचं चक्र जास्त देऊन गेलेलं दिसलं तर जिंकणं बेचव व्हायचं. डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागाला इजा झालेल्यांचा हिरमोड होत होता, चुटपुट मात्र लागत नव्हती. सुखी माणसं, असं वाटेल. पण त्याच खेळात पुढची चुटपुट आधीच ओळखून निवड सुधारणं त्यांना जमलं नाही, आणि ते जास्त हरले.

मग रोजच्या निर्णयांत या सगळ्याचा उपयोग कुठे? तफावतीत दोन आकडे असतात. निकालावर ताबा नसतो. अपेक्षेवर थोडाफार असतो, तोही निकालाआधीच. निकाल कळल्यावर स्मृती जुन्या अपेक्षेला निकालाजवळ ओढून नेते. बारूख फिशहॉफ यांनी 1975 साली दाखवलं की घटनेचा शेवट कळलेल्या लोकांना तो शेवट आधीपासूनच जास्त शक्य वाटत होता असं वाटू लागतं. म्हणून महत्त्वाच्या निर्णयाआधी वहीत चार-पाच ओळी लिहाव्यात: तारीख, समोरचे पर्याय, निवडलेल्या पर्यायाकडून अपेक्षित निकाल आकड्यात, वाईटात वाईट आणि चांगल्यात चांगला निकाल, आणि कोणत्या टप्प्यावर सोडून द्यायचं तो टप्पा. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तो टप्पा येईल तेव्हा ती लिहिणारं डोकं हजर नसतं. तिथे भरपाई करायला निघालेलं डोकं असतं. 2017 साली फ्रेडरिक व्हेरब्रुगेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत जुगाराचा डाव हरलेले लोक पुढचा डाव सुरू करायला घाई करत होते. साध्या कामात चूक झाली की माणूस सहसा पुढच्या वेळी सावकाश होतो. पैज हरली की वेगाने पुढे जातो. तेव्हा हरल्यानंतर लगेचचा निर्णय पुढे ढकलता येत असेल तर ढकलावाच, निदान त्याची रक्कम तरी वाढवू नये.

वही ठेवणाऱ्यांच्या हातून एक चूक नेहमी होते. निकाल वाईट आला की निर्णयच वाईट ठरवला जातो. समजा एखादी पद्धत शंभरात साठ वेळा यशस्वी होते, म्हणजे चांगलीच आहे. तीच पद्धत लागोपाठ तीनदा फसण्याची शक्यता 0.4 चा घन, म्हणजे 6.4 टक्के. पण पन्नास वेळा वापरली तर कुठेतरी एकदा तरी तीन अपयशं सलग येण्याची शक्यता 89 टक्क्यांच्या आसपास जाते. त्या तिसऱ्या अपयशाला पद्धत टाकून देणारा माणूस चांगल्या पद्धतीला बहुतेक मुकणारच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो तेव्हा त्याच्या मेंदूने तफावतीचा पाचवा हिस्सा न घेता जवळजवळ सगळीच तफावत अपेक्षेत ओतलेली असते.

तरी पाचवा हिस्सा हाही काही कायमचा आकडा नव्हे. टिमथी बेहरेन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली हेच तपासलं. खेळाच्या एका भागात योग्य रंगाची शक्यता 75 टक्क्यांवर स्थिर होती. दुसऱ्या भागात 80 टक्के शक्यता असलेला रंग तीस-चाळीस डावांनी अदलाबदल होत होता. स्थिर भागात लोक एखाद्या हरण्याकडे फार लक्ष देत नव्हते, अस्थिर भागात प्रत्येक निकालाला जास्त वजन देत होते. ही अस्थिरता मेंदूच्या पुढच्या मधल्या पट्ट्यात, अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये टिपली जात होती. तीच जागा, जिच्या आसपासून ती पाव सेकंदातली लाट उठते असं मानलं जातं. म्हणून वहीत निकालाशेजारी आणखी एक रकाना आखून ठेवावा: निर्णय घेतला तेव्हाची परिस्थिती आज तशीच आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर हरणं बहुधा गोंगाट आहे आणि अपेक्षा जराशीच हलवावी. ‘नाही’ असेल तर एकच हरणं ही बातमी असू शकते. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, आणि ते बऱ्याचदा येतं, तर पुढचे पाच-सहा निर्णय लहान रकमेचे ठेवून तेवढी नोंद जमू द्यावी.